आज नको

नलिनीवहिनींच्या साबुदाण्याच्या पापड्या काशीरामच्या पायाखाली मोडल्या आणि तो जागच्या जागी थिजला. शनिवारची सकाळ होती. एप्रिलचं ऊन चाळीच्या गॅलरीत शिरलं होतं आणि त्या उन्हात जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पापड्या वाळत टाकलेल्या. चाळीतलं मांजरसुद्धा त्यांना वळसा घालून गेलं होतं. काशीराम मात्र दारातून बाहेर पडला, डावं पाऊल सरळ त्यांच्यात ठेवलं आणि उभा राहिला. उभाच राहिला. दुसरा कोणी असता तर अरेच्चा म्हणून बाजूला झाला असता. पण पायाखाली काही करकरलं की पाय उचलायचा नाही, हे त्याच्या हाडात असं मुरलं होतं की तेरा वर्षांच्या मुंबईनंही ते निघालं नव्हतं. शेजारच्या नलिनीवहिनी पदराला हात पुशीत बाहेर आल्या. पाऊल पापड्यांवर, नजर समोरच्या कौलांवर, एक हात हवेत, असा शेजारी बघून त्या आधी घाबरल्या आणि मग हसल्या. "अहो काशीरामभावजी, उचला ना पाय. पापड्या आहेत त्या, बॉम्ब नाही." त्यानं पाय उचलला, आधी टाच, मग चवडा, अगदी सावकाश. खाली नुसता चुरा. "घाईत होतो वहिनी," तो म्हणाला. "असू दे हो. आज तुमची पलटण यायची ना? चुरा तळून पाठवते त्यांना." आतून त्याची बायको वनमाला हे सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "चष्मा बदला म्हणून दिवाळीपासून सांगतेय."

चष्म्यानं भागणारं असतं तर त्यानं चार चष्मे केले असते. पार्ल्याच्या डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांत बॅटरी मारली होती आणि खुर्ची मागं सरकवत सांगितलं होतं की हा काचबिंदू आहे, गेली ती नजर गेली, उरली ती थेंब घालून राखायची. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. थेंबांची बाटली कारखान्यातल्या त्याच्या कपाटात असे. तो तिथं स्टोअर सांभाळत होता, आणि स्टोअरमध्ये कुठली वस्तू कुठं हे त्याच्या हातांना पाठ होतं म्हणून निभत होतं. नजर गेली होती ती कडांनी. कागदाची पोंगळी करून बघावं तसं त्याला दिसे. समोरच्या माणसाचा चेहरा लख्ख दिसे, शर्टाचं वरचं बटण दिसे, पण त्यानं पुढं केलेला हात दिसत नसे. वरचं बरं, खालचं वाईट आणि डावीकडचं तर नाहीच. गंमत अशी की तिथं काळोख नव्हता. काळोख असता तर कळलं तरी असतं. तिथं काहीच नव्हतं, आणि जिथं काही नाही तिथं काय आहे हे माणूस विचारत नाही. म्हणून पापड्या मोडल्या. कपडे घालताना तो त्या चुऱ्याचा विचार करत राहिला. पापड्यांचं जाऊ दे. उद्या रविवार होता, उद्या सकाळी पलटणीबरोबर दरसालची टेकडी चढायची होती, आणि पुढं तो असणार होता. तो पाऊल ठेवेल तिथंच मागची माणसं पाऊल ठेवणार होती. डोळे उघडे ठेवून ठेवतील का, याचीही त्याला खात्री नव्हती, इतका त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

ही माणसं लढाईतली, पण लढाईच्या गोष्टी सांगणारी नव्हेत. एकाहत्तरच्या लढाईआधी पंजाबच्या सरहद्दीवर आपल्याच शेतांतून सुरुंग पेरले गेले. लढाई दोन आठवड्यांत संपली आणि सगळीकडं पेढे वाटले गेले. पेरलेलं काढायचं मात्र राहिलं होतं, ते काम उन्हाळा येईपर्यंत चाललं. त्या कामाबद्दल कोणी लिहीत नाही, कारण त्यात काही घडू नये यासाठीच सगळा खटाटोप असतो आणि काही न घडल्याची बातमी होत नाही. जमिनीत सळई तिरकी सरकवायची. कुठं अडली की थांबायचं, पालथं पडायचं आणि बोटांनी माती बाजूला करायची, पोळीवरची पिठी झटकावी तितक्या हलक्या हातानं. पुढं सळई घेऊन काशीराम, त्याला सगळे एक नंबर म्हणत. त्याच्या मागं दत्ताराम, साफ झालेल्या वाटेवर पांढरी फीत उलगडत येणारा. त्याच्या मागं गुणाजी, काढलेल्या सुरुंगाच्या खड्ड्यावर चुन्याची खूण करणारा. मग बाकीचे, आणि बांधावर हवालदार धोंडिराम, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत. शेताचे मालकही बांधावर येऊन बसत. आटपा लवकर, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ताकाचं मडकं ठेवत आणि बघत राहत. एक म्हातारा तर रोज येई आणि परत दिलेल्या तुकड्यावरून पुन्हा पुन्हा चालून बघे. काशीरामला पदक मिळालं नाही, पण त्या म्हाताऱ्याचे अनवाणी पाय त्याच्या डोळ्यांसमोर राहिले होते. या पोंगळीतून आता जे दिसत होतं त्याहून ते स्पष्ट होते.

कामाचे नियम थोडे होते. पुढच्याच्या पावलावर पाऊल. वाटेत कोणी कोणाला ओलांडायचं नाही, कारण साफ झालेली वाट एका माणसाच्या रुंदीची. आणि तिसरा नियम उस्तादांचा स्वतःचा, कुठल्या पुस्तकात नसलेला. सकाळी चहा झाला की ते एकेकाकडं बघत. ज्याचा हात त्या दिवशी धजत नसेल, झोप झाली नसेल, घरची काळजी लागली असेल, काहीही असेल, त्यानं 'आज नको' म्हणायचं. एवढे दोनच शब्द. मग तो रांगेत शेवटी जायचा, जिथं वाट सगळ्यात जास्त तुडवलेली असते. कारण विचारायचं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. हा नियम होता म्हणून ती सगळी माणसं हातीपायी धड घरी आली, असं काशीरामचं मत होतं आणि ते खरंच असावं. शूर माणसं पुष्कळ असतात. शूर माणसाला आज नको म्हणायला जागा ठेवणारा माणूस क्वचित भेटतो.

काशीरामनं स्वतः ते शब्द कधी उच्चारले नव्हते. हा त्याचा अभिमान होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याचा हात खरंच कधी कापला नाही. दत्तारामनं मात्र एकदा म्हटले होते. काम संपत आलं होतं, गव्हाचा वास सुटला होता, आणि चहाचा मग खाली ठेवून दत्ताराम म्हणाला होता, "उस्ताद, आज नको." त्याच्या हातातला मग किणकिणताना काशीरामनं ऐकला होता. उस्ताद म्हणाले होते, बरं. त्या दिवशी फीत गुणाजीनं उलगडली, दत्ताराम शेवटी चालला, आणि दुसऱ्या सकाळी तो पुन्हा दोन नंबरला हजर. भ्यायला असेल, असं काशीरामनं तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्यात काही वावगं नाही असंही. पण आता पंच्याऐंशी सालच्या या सकाळी शर्टाची बटणं चाचपताना त्याला वाटलं की भीती असो नाहीतर आणखी काही, ते दोन शब्द तोंडातून काढायला किती बळ लागत असेल याचा आपण कधी विचारच केला नाही. सळई धरणं त्यापुढं सोपं होतं. सळई धरली की माणूस एक नंबर असतो. ते शब्द बोलल्यावर तो कोण असतो, हे त्याला माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत चाळीच्या मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या पडल्या आणि दरसालच्या भेटीला माणसं जमली. दत्ताराम मुलुंडहून आला, तिथं एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहायचं त्याचं काम. गुणाजी घाटकोपरहून, काखोटीला सोलकढीचा डबा. "काय रे काशीराम, कसो आसस? पोट तेवढा वाढवलंस," असं म्हणत त्यानं काशीरामच्या पाठीत धपाटा घातला, आणि धपाटा डावीकडून आल्यामुळं काशीराम नको तितका दचकला. उस्ताद साताऱ्याकडच्या त्यांच्या गावाहून एसटीनं आले. ते थकले होते. दम लागत होता, पण पागोटं तसंच ताठ. वनमाला आणि नलिनीवहिनींनी मटणाचं पातेलं आणि वडे आणून ठेवले, वर तळलेल्या पापड्यांचा चुरा, आणि लष्करी कँटीनची रम अंगठ्याएवढी सगळ्यांच्या पेल्यांतून फिरली. दत्तारामनं पेला पुढं केला तो बराच वेळ तसाच राहिला, कारण काशीराम त्याच्या तोंडाकडं बघून हसत होता. मग दत्तारामनं त्याचा हात धरून पेला त्यात ठेवला आणि भावाच्या नोकरीची गोष्ट पुढं चालू केली. संध्याकाळी बाहेर निघताना काशीराम चपला पायानं शोधत होता. कोणीतरी त्या उजवीकडं, त्याच्या समोर सरकवल्या. तंबाखू मळत दाराशी बसलेला गुणाजी होता तो. काशीरामला वाटलं, सहज सरकवल्या असतील. इतके महिने ज्यांच्याबरोबर जमिनीवरची काडी हललेली ओळखली त्या माणसांना आपली नजर ओळखू येणार नाही, असं त्याला कसं वाटलं कोण जाणे. माणूस स्वतःचं लपवायला लागला की दुसऱ्यांना आंधळं समजतो.

सकाळी गिल्बर्ट हिल. अंधेरीत राहणाऱ्यांना त्या काळ्या कातळाचं काही वाटत नाही. खाली झोपड्या, मधेच सरळ उभा ठाकलेला खडक, त्यात खोदलेल्या पायऱ्या आणि वर गावदेवी. शेवटचं शेत मालकाच्या ताब्यात दिलं त्या दिवशी उस्तादांनी गावदेवीला नारळ बोलला होता. पंजाबात गावदेवी कुठून आणायची, म्हणून पहिल्याच भेटीच्या वेळी काशीरामनं ही आपली दाखवली, आणि तेव्हापासून दरसाल नारळ. पायऱ्या दोन माणसं शेजारी चालतील एवढ्या होत्या, पण ही माणसं दरसाल एका रांगेत चढत, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून, कोणी सांगायला लागत नसे. देवीला आलेल्या बायाबापड्या त्यांना ओलांडून भराभरा वर जात आणि मागं वळून बघत. काशीराम रात्रभर एकच हिशेब करत राहिला होता. वर जाणं जमेल, पायरी वरच्या नजरेत येते. पण उतरताना ती नाही. आणि चढतानाही डावी कड दिसत नव्हती. कठडा दोन्ही अंगांना जागोजाग तुटलेला, आणि डावीकडं तुटला होता तिथं तो आपल्यासकट सगळ्या रांगेला घेऊन गेला असता, आणि ती माणसं बिनबोभाट गेली असती. गुडघा दुखतो म्हणून सांगावं, असं त्यानं ठरवलं. गुडघ्याला कोण हसतं. पायथ्याशी आले तेव्हा उस्ताद तिथल्या दगडावर टेकले, कारण दम्यानं त्यांना चढणं बंद केलं होतं, आणि चपलांची राखण त्यांनी स्वतःकडं घेतली होती. त्यांनी पूर्वीसारखं एकेकाकडं बघितलं.

"लाइन धरा. काशीराम, हो म्होरं."

गुडघ्याचं वाक्य तयार होतं. ते ओठांवर आलंही. पण उस्ताद बघत होते, आणि त्या नजरेपुढं आजवर कोणी कारण सांगितलं नव्हतं, खरंही नाही आणि खोटंही नाही. कारण सांगायचं नसतं, हीच तर त्या माणसाची सगळी माया होती. मागं कुठंतरी नळावर हंडा भरत होता आणि भरता भरता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"उस्ताद," तो म्हणाला, "आज नको."

"बरं," उस्ताद म्हणाले. "दत्ताराम, तू हो म्होरं. गुणाजी, त्याच्या मागं."

बस. कोणी कोणाकडं बघितलं नाही. दत्ताराम पुढं झाला, गुणाजी त्याच्या मागं, बाकीचे सरकले आणि शेवटी जागा झाली. ती जागा आधीपासून तिथं असावी तशी झाली. काशीराम तिथं जाऊन उभा राहिला. आभाळ कोसळलं नाही. तो कोण होता ते त्याला तेव्हाही कळलं नाही, पण रांगेत होता हे कळलं, आणि ते पुष्कळ होतं.

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच शेवटी चालत होता, आणि शेवटी चालणं म्हणजे काय हे त्याला आता कळत होतं. पुढच्या टाचा दिसत होत्या. भेगा पडलेल्या, अनवाणी, कुठल्या कुठल्या दारांवर आणि गेटांवर उभ्या राहून रुंद झालेल्या टाचा. टाच उचलली की त्या जागी आपलं पाऊल. दगड अजून गार होता, आणि जिथं पुढचं पाऊल पडून गेलं होतं तिथं किंचित ऊब. सरहद्दीवर सगळे त्याच्या उबेवर चालत होते, आज तो त्यांच्या. त्याचे डोळे भरून आले. त्याला या माणसांचा भयंकर अभिमान वाटला, स्वतःचा कधी वाटला होता त्याहून जास्त. मधेमधे पायरीच्या काठावर, पाय पडणार नाही अशा बेतानं, पांढरा ठिपका दिसे. कबुतरांची घाण असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. पुढून दत्तारामचा आवाज येत होता, मधेच तो थांबे, मग रांग थांबे, मग पुन्हा चाले. दरसालपेक्षा वेळ लागत होता. लागू दे, असं सगळ्यांच्याच पाठींवर लिहिलेलं होतं.

वर वारा होता. खाली अंधेरीची कौलं आणि पत्रे आणि त्यांच्यातून डोकं काढणाऱ्या नव्या इमारती, पलीकडं समुद्र असावा असा उजेड. दत्तारामनं नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे हातोहात रांगेनंच मागं आले, आणि काशीरामच्या तळहातावर तुकडा ठेवताना पुढच्यानं त्याची बोटं मिटवून घेतली. मग दत्ताराम म्हणाला, "चला, पीछे मुड," आणि सगळे जागच्या जागी वळले.

तेव्हा काशीरामच्या लक्षात आलं. रांगेत कोणी कोणाला ओलांडत नाही. परत फिरायचं तर सगळ्यांनी उभ्या जागी वळायचं, शेवटचा पहिला होतो. त्यानं किती वेळा सरहद्दीवर हे केलं होतं, पण तो पुढं असायचा, परतताना मागं राहायचा, म्हणून त्याला आठवलंच नाही. आता त्याच्यापुढं कोणी नव्हतं. सरळ खाली जाणाऱ्या पायऱ्या होत्या, म्हणजे असणार, कारण त्याला दिसत होतं ते समोरचं आभाळ आणि लांबचे पत्रे. पाठीमागं सगळे उभे होते. ज्यांनी सकाळी त्याला एका शब्दानं मोकळं केलं तीच माणसं आता त्याच्या पाठीशी गप्प उभी, आणि वाटेत ओलांडायचं नसतं हे त्यांनाही ठाऊक. पुन्हा म्हणावं का? आज नको म्हटलेल्यानं पुन्हा काय म्हणायचं असतं, याला नियम नव्हता. त्यानं मान खाली घातली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत, ती पोंगळी पायांपाशी आणली आणि पहिली पायरी शोधली.

पायरीच्या काठावर पांढरा ठिपका होता. ओलसर, बोटानं लावलेला, बोटाच्या रेघा उमटलेल्या. खालच्या पायरीवर आणखी एक. त्याच्या खाली आणखी. डावीकडं जिथं कठडा तुटला होता तिथं एक मोठी रेघ. काशीराम ठिपक्यांकडं बघत राहिला. चुना होता तो, खाण्याचा. काढलेल्या सुरुंगाच्या जागेवर गुणाजी करत असे तीच खूण, गोल, मधे अंगठा दाबलेला. म्हणजे चढतानाच त्यांना ठाऊक होतं की उतरताना पुढं कोण असणार. त्याच्या ध्यानात नव्हतं, पण त्यांच्या होतं. दत्ताराम थांबत होता तो याच्यासाठी. त्यांनी विचारलं काहीच नव्हतं. विचारायचं नाही हा नियम होता. खूण करायची नाही असा नियम कुठं होता?

त्यानं पाऊल उचललं आणि पहिल्या ठिपक्याशेजारी टेकलं. दगड लागला. मग दुसरं. मागं त्याच्या पावलावर दुसरं पाऊल पडल्याचा आवाज आला, त्याच्यावर तिसरं. सगळी रांग त्याच्यामागं, त्याच्याच चालीनं, उतरू लागली. तुटल्या कठड्याशी तो थांबला, रेघेच्या उजवीकडून वळला आणि सवयीनं, न ठरवता, त्यानं मोठ्यानं सांगितलं, "डावीकडं मोकळं. उजवं धरा." आणि पाठीमागून एकामागून एक आवाज आले, तेव्हासारखेच, "उजवं धरा", "उजवं धरा", शेवटच्या दत्तारामपर्यंत. वर येणारी एक बाई बाजूला होऊन उभी राहिली.

खाली उस्तादांनी चपला जोडीजोडीनं मांडून ठेवल्या होत्या. सगळे टेकले. गुणाजीनं तंबाखूची पिशवी काढली, डबी उघडली आणि बोट आत फिरवून बघितलं. "चुनो संपलो," तो म्हणाला. "काल तर भरलेली व्हती," असं म्हणता म्हणता उस्ताद मधेच थांबले आणि पागोटं सारखं करू लागले. कोणी हसलं नाही. काशीरामला कोणी काही विचारणार नव्हतं, उद्या नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. म्हणूनच त्याला सांगता आलं. "डोळे चाललेत माझे," तो म्हणाला. "खालचं दिसत नाही. काल नलिनीवहिनींच्या पापड्या मोडल्या." मग दत्ताराम, चपलेचा पट्टा लावता लावता, जमिनीकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी मी नको म्हटलं होतं ना, गव्हाच्या वेळेला. मुलगी झाल्याचा निरोप आला होता. हात थांबेचना रे. एवढा आनंद झाला होता." काशीराम त्याच्याकडं बघत राहिला. समोरचा चेहरा त्याला अजून लख्ख दिसत होता.

"चला," उस्ताद म्हणाले. "सूनबाई च्या करून बसली असंल." वनमालाला ते सूनबाईच म्हणत.

काशीराम उठला. "गुणाजी, नाक्यावर पानवाला आहे. तुला चुना घेऊ," तो म्हणाला, आणि हात पुढं करून त्यानं दत्तारामचा खांदा शोधला. चाळीशी पोचले तेव्हा जिन्यात वनमाला उभी होती. आज तिला सांगायचं, चहाच्याही आधी.